हिरव्या खुणेच्या आड

2025 चा जानेवारी. सोलापुरात सिद्धरामेश्वरांची यात्रा चालू, गड्ड्याची जत्रा भरलेली, आणि सकाळी साडेनऊलाच फोन आला. ‘‘सर, कॉम्प्युटर लई स्लो झालाय ओ. फुकटातला एखादा चांगला अँटीव्हायरस टाकून द्या की.’’

बोलणारे साखर पेठेतले आण्णा. टॉवेल आणि चादरींची डिझाइनं काढतात. खाली यंत्रमाग, वरच्या खोलीत कॉम्प्युटर. त्यात अकरा वर्षांची डिझाइनं होती, आणि त्याआधीची सगळी ग्राफ पेपरवर, पत्र्याच्या पेटीत. मी चौदा वर्षं घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. ‘कुठला फुकटचा अँटीव्हायरस चांगला?’ हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. पण त्या दिवशी जे सापडलं, त्यानंतर माझी कामाची पद्धतच बदलली.

मशीन विंडोज 10 वर, रॅम 4 जीबी. त्यात आधीच दोन फुकटचे अँटीव्हायरस होते, वर एक ‘पीसी क्लीनर’. उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी पाटी यायची: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस आहेत’. तिला घाबरूनच आण्णांनी फोन केला होता. ती पाटी अँटीव्हायरसची नव्हतीच. कुठल्यातरी साइटला ‘अलाउ’ दाबलं गेलं होतं आणि ती साइट ब्राउझरमधून नोटिफिकेशन पाठवत होती. ब्राउझरच्या सेटिंगमधून तिची परवानगी काढली, पाटी गेली.

मग दोन्ही अँटीव्हायरस काढले. दोघेही एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला धावतात, एकमेकांच्या कामात पाय घालतात आणि 4 जीबीत मशीनचा जीव जातो. आण्णा काळजीत. ‘‘दोन होते ते काढलात, मग राखण कोण करणार?’’ मी म्हटलं, विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा त्यांचा स्वतःचा राखणदार आधीपासून आहे. बाहेरचा अँटीव्हायरस आला की तो स्वतः बाजूला होतो, बाहेरचा गेला की परत कामाला लागतो. वेगळे पैसे नाहीत, जाहिरात नाही. फुकटचे सगळेच वाईट असं मी म्हणत नाही, पण कंपनीचं पोट कशावर चालतं ते बघावं. लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी 2024 मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीवर 1 कोटी 65 लाख डॉलर भरण्याची कारवाई जाहीर केली होती. घरच्या साध्या वापराला माझ्या मते डिफेंडर पुरतो.

रिस्टार्ट केलं. डिफेंडर चालू, हिरवी खूण. पूर्वी मी इथेच बॅग आवरली असती. पण एवढी मोकाट जाहिरात शिरलेल्या मशीनमध्ये डिफेंडरच्या जुन्या नोंदी अगदी कोऱ्या होत्या, ते मला खटकलं.

म्हणून अँटीव्हायरस खरंच जागा आहे का ते बघायची आयकारची चाचणी केली. 68 अक्षरांची एक ठरलेली ओळ असते. तिच्यात व्हायरस नसतो, पण ती दिसली की पकडायची असं बहुतेक अँटीव्हायरसवाल्यांनी मान्य केलेलं आहे. ओळ नोटपॅडमध्ये टाकली, डेस्कटॉपवर सेव्ह केली. चालू डिफेंडर ती काही सेकंदांत उचलतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. फाइल जागच्या जागी. वर हिरवी खूण तशीच.

मी डिफेंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ उघडलं. म्हणजे ‘इथे तपासू नको’ अशी यादी. त्यात दोनच नोंदी: अख्खा सी ड्राइव्ह, अख्खा डी ड्राइव्ह. पहारेकरी दारात उभा, पण त्याला घरातलं काहीच बघायचं नाही असं सांगून ठेवलेलं.

मी आण्णांच्या मुलाकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, ‘‘वर्षापूर्वी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर क्रॅक करून, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडलेलं, टाकलं होतं. सेटअप चालवायच्या आधी अँटीव्हायरस बंद करा, असं लिहिलं होतं.’’ त्याने पाच मिनिटांसाठी बंद केला होता. तेवढ्यात त्या सेटअपने यादीत दोन्ही ड्राइव्ह घालून टाकले. पोराला मी रागावलो नाही. असल्या सूचना पाळणारी शेकडो पोरं मी बघितलीत, आणि दर वेळी पोटात तुटतं.

नोंदी काढल्या, आयकारची फाइल क्षणात गेली. मग ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, पंधरा मिनिटं लागतात. दोन ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रामच्या वेषात शिरणारे चोर, निघाले, त्यातला एक ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा. आण्णांचं नेट बँकिंग त्याच ब्राउझरमध्ये. तिथेच बसून, त्या मशीनवरून नाही तर फोनवरून, मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायला लावले. खात्यातले पैसे जागेवर होते. ते बघेपर्यंत आण्णांच्या हातातला चहा गार झाला होता.

क्रॅक काढून मुलाला फोटो एडिटिंगसाठी गिंप नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते खरोखर फुकट आहे. डिझाइनच्या फोल्डरला डिफेंडरमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू केलं. हे मुळात बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला त्या फाइली बदलता येत नाहीत. सगळ्या डिझाइनांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि डिस्क काढून ठेवायला सांगितली. जोडलेली राहिली तर फाइली लॉक करणारा व्हायरस तिलाही धरतो.

निघताना आण्णांनी विचारलं, ‘‘मग अँटीव्हायरस कुठला टाकलात शेवटी?’’

‘‘एकही नाही.’’

रात्री नऊला परत फोन. ‘‘सर, डिझाइन सेव्हच होईना.’’ माझी चूक. त्यांचा डिझाइनचा प्रोग्राम डिफेंडरला अनोळखी वाटला होता आणि मी त्याला परवानगी द्यायची राहून गेली होती. मुलाला फोनवर धरून ठेवलं, कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसच्या परवानगीच्या यादीत फक्त तो एक प्रोग्राम घालायला लावला, आणि त्या यादीत दुसरं काही नाही ना, ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं.