रात्री अकराचा दुपारचा चहा

आईने लंडनला ताईकडे तीन आठवडे काढले, पण मनगटावरच्या घड्याळाचा काटा काही हलवला नाही. "परत जायचंच आहे ना रे, मग कशाला उगाच त्याच्या वाटेला जा" हे तिचं म्हणणं. त्यामुळे परतीच्या विमानात, मुंबई दीडेक तासावर आलेली असताना, ट्रॉलीवाली मुलगी हसत "आफ्टरनून टी" म्हणाली तेव्हा आईने घड्याळ थेट माझ्या नाकासमोर धरलं. अकराला पाच कमी. रात्रीचे.

तसं बघितलं तर त्यांचंही बरोबरच होतं, आम्ही तिकडच्या सकाळी अकराला उडालो होतो आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे त्यांच्या हिशेबाने अजून संध्याकाळचे साडेसहाच. ब्रिटिश विमानांत लांबच्या प्रवासात दुसऱ्या जेवणाच्या जागी बरेचदा हा चहाच देतात. चहा म्हणजे नुसता चहा नाही, लांबट कापलेली बोटभर सँडविचेस, एक स्कोन म्हणजे बनपावासारखा भाजलेला प्रकार, क्लॉटेड क्रीमची म्हणजे घट्ट सायीची डबी आणि स्ट्रॉबेरी जॅमची इवलीशी बाटली. आपल्या हॉटेलांत याला हाय टी म्हणून भाव लावतात, पण ताई सांगत होती की हाय टी म्हणजे तिथल्या कामगार लोकांचं संध्याकाळचं पोटभर जेवण, हा नाजूक प्रकार वेगळा.

माझ्यापुढे स्कोन आला. आईपुढे पनीरचा रॅप. त्याची गोष्ट अशी की तो सोमवार होता आणि आईला सोमवारी मासे-मटण चालत नाही. जाताना पण सोमवारच होता, तेव्हा मी शहाणपणा करून बुकिंगमध्ये "हिंदू मील" टाकलं आणि पुढ्यात आलं चिकन. तर हे लिहून ठेवा, हिंदू मील म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात फक्त बीफ-पोर्क नसतं एवढंच, शाकाहारी हवं असेल तर एशियन व्हेजिटेरियन निवडायचं आणि ते पण निदान चोवीस तास आधी. जाताना बिचारी पाव-लोण्यावर गेली. येताना मी बरोबर निवडलं तर ते चहालाही चिकटून आलं, सगळ्यांच्या आधी रॅप मिळाला आणि मग ती माझ्या स्कोनकडे बघत बसली. अर्धा दिला. तिकडे क्रीम आधी की जॅम आधी यावर डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात म्हणे, आईने दोन्ही एकत्र कालवून शिकरणीसारखं केलं.

मग चहा. कागदी कप, गरम पाणी, टी बॅग, दुधाची पिटुकली डबी. आईने एक घोट घेतला आणि पर्समधून औषधाची जुनी बाटली काढली. त्यात सुंठ-वेलची पूड! ही बाई लंडनला जाऊन आली ती सुंठ घेऊन. चिमूटभर टाकली, काडीने ढवळली, पूड सगळी वर तरंगत राहिली. "उकळीच नाही तर उतरणार कशी" म्हणाली. आणि ते अगदी खरं आहे हो, विमान कितीही वर असलं तरी केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तशी ठेवतात, म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच बसून चहा मागत असतो, तिथे पाणी साधारण ९२-९३ डिग्रीलाच उकळतं. त्यात केबिनची हवा इतकी कोरडी की नाक सुकतं, वास कमी लागतो, गोड-खारट पण फिकं लागतं. म्हणजे त्या मुलीने जीव तोडून केला असता तरी आईचा चहा झाला नसता.

गंमत म्हणजे पलीकडच्या सीटवर एक गोरी आजी होती, तिची चहाबद्दल काही तक्रार नव्हती, तिचा राग स्कोनवर. गार होता. तिने तो अंगठ्याने दाबून बघितला, आमच्याकडे गोव्यात पदेराच्या म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या टोपलीतला पाव बायका दाबून बघतात ना, डिट्टो तसाच, आणि तोंड वाकडं करून बाजूला ठेवला. मागच्या रांगेतला एक जण तर दोन टी बॅग, तीन दुधं आणि चार साखरा मागून स्वतःचा प्रयोग करत होता. प्रत्येकाला आपल्या घरचा चार वाजताचा चहा हवा होता आणि सगळ्यांना मिळाला तोच एक कप.

मला मात्र त्या चहात वेगळंच काहीतरी दिसत होतं. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगांझा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, आंदणात आपली मुंबई गेली, आणि तिथल्या दरबारात चहाची फॅशन आणली ती हिनेच. पोर्तुगीजमध्ये चहाला "शा" म्हणतात. म्हणजे इंग्रजांना चहाची चटक लावण्यात आमच्या गोव्याच्या जुन्या मालकांचा हात, हे मी आईला सांगायला गेलो तर ती झोपली होती.

मुंबईत रात्री मामेभावाकडे पार्ल्याला पडलो. दुसऱ्या दिवशी तीनचं गोव्याच्या मोपा विमानतळाचं विमान, स्वस्तातलं, तासाभराचं. आता तरी वेळ खरी दुपारच्या चहाची होती. पण अशा विमानांत सगळं विकत, आणि आम्ही तेविसाव्या रांगेत. आगाऊ बुक केलेल्यांचं वाटून ट्रॉली आमच्यापर्यंत आली तेव्हा ट्रॉलीवाला म्हणाला मसाला चहा आहे, पण प्रीमिक्स, दूध-साखर आतच. आईला डायबिटीस. बिनसाखरेचा? नाही मॅडम. नुसतं गरम पाणी मिळेल. तेवढ्यात पट्ट्याची खूण पेटली आणि ट्रॉली मागे पळाली, मला पैसे देऊन पण चहा मिळाला नाही, आईला फुकट पाणी पण नाही. एवढ्याशा प्रवासात विकायचा नसेल तर मेनूकार्ड कशाला खोचून ठेवता, असं मी मनात बोललो, मोठ्याने बोलायची हिंमत नाही.

मोपाहून बाहेर पडलो, धारगळच्या अलीकडे रस्त्याला एक गाडा दिसला तिथे टॅक्सी थांबवली. टोपात चहा रटरटत होता, वर काळपट साय, बाजूला मिरची-भजी निथळत ठेवलेली. बिनसाखरेचा म्हटल्यावर त्याने छोटं भांडं वेगळं चढवलं, आलं ठेचून टाकलं, दोनदा वर येऊ दिला. ग्लास धरवत नव्हता. आईने पदराने धरला, फुंकर मारली, काही बोलली नाही. मी एक भाजी-पाव आणि दोन भजी, मग आणखी दोन. ड्रायव्हरने पण घेतला. तिघांचे मिळून विमानातल्या एका कपाएवढे पण झाले नाहीत.

पेडण्याला घरी पोचलो तर पदेराचा पों पों ऐकू आलाच. आईने सामान दारातच टाकून आधी पोई, म्हणजे आमचे कोंड्याचे पाव, घेतल्या. मग पर्स रिकामी करताना सुंठेच्या बाटलीशेजारून माझ्या ट्रेवरची जॅमची ती इवलीशी बाटली निघाली. अर्धी संपलेली. कधी उचलली देव जाणे. आता ती आमच्या फ्रीजच्या दारात आहे, आमसुलाच्या बरणीला टेकून. कुणी खात नाही आणि कुणाला टाकू पण देत नाही.