आमची वाटचाल: ढिगातून कॅटलॉगकडे

सुरुवात दोघांची. मी फोटो काढायचो, भागीदार हिशोब आणि कॉम्प्युटर बघायचा. कामं वाढली तशा हार्ड डिस्क वाढल्या आणि ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘फायनल’, ‘खरंच फायनल’ अशी फोल्डरं साठली. कुणी जुन्या कामातला एक फोटो मागितला की अर्धा दिवस शोधाशोधीत जायचा.

मग लाइटरूम हे फोटो लावायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर घेतलं. ते बाजारात आलं २००७ साली, आमच्याकडे बरंच उशिरा. आलं तेव्हा आम्हाला वाटलं, इम्पोर्ट केले म्हणजे फोटो आता त्याच्या पोटात गेले. या समजुतीवर एका रविवारी मी डिस्क आवरायला घेतली. फाइल एक्स्प्लोररमधूनच फोल्डरं हलवली, नावं बदलली, झकास साफसफाई केली. सोमवारी कॅटलॉग उघडला तर फोल्डरांवर प्रश्नचिन्हं आणि फोटोंवर उद्गारचिन्हं!

फोटो गेले नव्हते. कॅटलॉग ही नुसती नोंदवही. फोटो कुठे ठेवलाय, किती तारे दिले, कोणते कीवर्ड, म्हणजे शोधायचे शब्द, लावले, काय फेरफार केले, एवढंच तिच्यात असतं. फोटो डिस्कवरच राहतो. मी सामान हलवलं आणि वहीला कळवलंच नाही. ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ म्हणत एकेक फोल्डर पुन्हा जोडताना तो आठवडा गेला. भागीदार काही बोलला नाही, हेच जास्त लागलं.

इम्पोर्टच्या खिडकीकडे तेव्हापासून नीट बघायला लागलो. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की तो पुन्हा ०००१ वर येतो, म्हणजे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो. म्हणून इम्पोर्ट करतानाच नाव बदलतो: आधी वर्ष, मग महिना, दिवस, काम, क्रमांक. नावाप्रमाणे लावले तरी फोटो तारखेप्रमाणेच लागतात.

घड्याळाचाही घोळ झाला. एका कार्यक्रमात दोन कॅमेऱ्यांपैकी माझा सात मिनिटं मागे होता. दोन्हींचे फोटो वेळेप्रमाणे लावले तर आधी टाळ्या, मग भाषण! लाइटरूमच्या ‘एडिट कॅप्चर टाइम’ने फोटो काढल्याची वेळ बदलून ते सावरलं. आता कामाआधी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढतो.

२०१६ मध्ये गूगलने पिकासा या आपल्या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरचं काम थांबवलं. त्यानंतर लोक स्वतःचेच ढीग घेऊन येऊ लागले आणि फोटो लावून देणं हाच आमचा धंदा झाला. पिकासात चेहऱ्यांना दिलेली नावं पुष्कळदा फोटोत नसून फोल्डरातल्या एका लपलेल्या फाइलीत असायची. ती मागे राहिली की कष्ट वाया. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत तर काढल्याची तारीखही सहसा उरत नाही, तिथे घरातल्या मोठ्यांनाच विचारावं लागतं. माहिती अशी मागे राहू नये म्हणून कीवर्ड आम्ही फोटोच्या एक्सएमपी नोंदीतही, म्हणजे फोटोसोबतच राहणाऱ्या माहितीत, उतरवतो, दुसरं सॉफ्टवेअरही ते वाचू शकतं.

भागीदार प्रत्येक कार्डाची दोन डिस्कवर प्रत करतो, दोन्हीकडचे फोटो उघडून बघतो, मगच कार्ड फॉरमॅट करतो. तो हक्क त्या सोमवारपासून माझ्याकडे नाही.