उजनीचा फुगवटा, उन्हाळा २०२४ : गळाच्या नोंदी आणि काठावर लागलेला मासा

यंदा उजनी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्यात, भिगवणच्या खालच्या अंगाला गळाने रोहू-कटला धरायचं तंत्र पक्कं करायचं, असा बेत होता. फेब्रुवारीपर्यंत तो नीट चालला. कणिक, भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची पेंड यांचा घट्ट गोळा, ८ नंबरचा गळ आणि आमिष तळापासून वीतभर वर, एवढ्यावर चांगला रोहू लागत होता. थंडीत सकाळी लवकर जाऊन फारसा उपयोग होत नाही. ऊन चढून पाणी जरा कोमट झालं की अकराच्या पुढे फ्लोट हलायला लागतो. चारा मात्र एकदाच भरपूर टाकण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या तासाने मूठभर टाकावा. मासा जागेवर राहतो आणि चिलापीची झुंबड कमी होते.

गळाची प्रगती इथवरच. पुढची पानं पाण्याने खाल्ली.

२०२३ च्या पावसाळ्यात धरण जेमतेम साठ टक्के भरलं आणि २०२४ च्या जानेवारीतच उपयुक्त साठा संपून उजनी उणे झाली. जूनच्या सुरुवातीला आकडा उणे साठ टक्क्यांच्या आसपास होता. बाहेरच्या मित्रांसाठी हिशेब सांगतो. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला साडेत्रेपन्न उपयुक्त, बाकी साधारण ६३ मृत साठा, म्हणजे एरवी न उचलायचं तळचं पाणी. टक्के उपयुक्त साठ्याचे मोजतात, म्हणून उणे साठ म्हणजे मृत साठ्यातलंही निम्मं पाणी उचललं गेलं. आणि ते गेलं कुठल्या धरणातून? पूर्ण भरल्यावर उजनीची पातळी ४९६.८३ मीटर, मृत साठ्याची पातळी ४९१.०३. म्हणजे साडेत्रेपन्न टीएमसी पाणी सहा मीटरसुद्धा नसलेल्या थरात पसरलेलं आहे. धरण खोल कमी आणि पसरट जास्त. पातळी हातभर उतरली की फुगवट्यात काठ कुठल्या कुठे सरकतो. ज्या जागी मार्चमध्ये शिसं सोडून बारा फूट खोली मोजली होती, तिथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ होता आणि जनावरं चरत होती. पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याच वेळी पाण्याखाली काय चाललं होतं, हे गळवाल्यांखेरीज आणि मासेमारांखेरीज कुणी पाहिलं नाही.

एप्रिलच्या नोंदीत चिलापीच्या घरट्यांबद्दल लिहिलं आहे. परातीएवढे गोल खळगे, एकाशेजारी एक, सगळे कोरडे. चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, त्यामुळे ती निभावून नेते. काठच्या गवताच्या आधाराने राहणाऱ्या मरळीचं तसं नाही. गवत वर कोरड्यात आणि पाणी खाली उघड्या गाळात, मधे लपायला काही नाही. मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून ऑक्सिजन गेला तरी ती सहजी मरत नाही. उथळ पाण्यात ती जाळ्याला मात्र सोपी सापडते. त्यात वडाप, म्हणजे बारीक आसाचं जाळं, लावणारे आले. बोटाएवढी पिल्लंसुद्धा त्या बारीक जाळीतून सुटत नाहीत.

आमच्या गळवाल्यांच्या गटातल्या एकाने जुना डीओ मीटर मिळवला आणि एप्रिलपासून आम्ही पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला लागलो. हे काम सगळ्यांनी करावं, म्हणून सविस्तर लिहितो. तीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. पाणी तापेल तसा कमी मावतो. फुगवट्याच्या ज्या फाट्याला आम्ही खाडी म्हणतो, तिथे दुपारी तीनला मीटर अकरा दाखवायचा. पाहणाऱ्याला वाटेल, वा, काय झकास पाणी आहे. पण तो ऑक्सिजन हिरव्या शेवाळाचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं, त्यावर हे शेवाळ पोसतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच ओढून घेतं. त्याच जागी पहाटे साडेपाचला आकडा दोनच्या घरात होता. रोहू-कटला तीनच्या खाली कासावीस होतो. म्हणून मोजायचं तर पहाटे. दुपारच्या आकड्यावर विसंबून कुणीही धरण ठीक आहे असं सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

मेच्या शेवटी आम्ही तिथे गळ टाकणं थांबवलं. तापलेल्या पाण्यात दमलेला मासा परत सोडला तरी जगत नाही, मग त्याला ओढायचं कशाला?

मृगाच्या तोंडावर पहिला मोठा पाऊस झाला. आदल्या संध्याकाळी काठावरच्या एका मासेमार काकांनी सांगितलंच होतं, "दादा, गार वारं सुटलंय. आता खालचं पाणी वर येतंय बघा. सकाळच्याला मासा तोंड वर काढणार." सकाळी तसंच झालं. खाडीच्या टोकाला पाणी राखाडी झालेलं, वास गटारासारखा, आणि काठाला चांगल्या वाढलेल्या कटल्यांची ओळ लागलेली. एक उचलून पाहिला. तोंड सताड उघडं, कल्ले फाकलेले, अंगावर एक जखम नाही, एक खवला निघालेला नाही. गेल्या वर्षी असा एक मासा गळाला लागला असता तर महिनाभर त्याच्या गोष्टी सांगितल्या असत्या. लहान चिलापी अजून पृष्ठभागावर ओठ काढून हवा ओढत होती. मोठा मासा आधी मेलेला आणि बारका तगलेला असला, की बहुतेक वेळा ऑक्सिजन संपलेला असतो. पाण्यात विष आलं असतं तर बारका मासा आधी गेला असता. हा फरक लक्षात ठेवा आणि पंचनाम्याला माणूस आला तर त्याला सांगा. आमच्याकडे उशिरा आलेल्या माणसाने "उन्हाने मेले" एवढंच लिहून नेलं. मला त्याचा अजून संताप येतो.

उन्हाने मेले नाहीत. ऊन दरवर्षी असतं. थोड्या पाण्यात जास्त मासा कोंडला गेला, त्या थोड्या पाण्यात सांडपाण्याचं प्रमाण वाढलं, तळाशी कुजणाऱ्या गाळाने ऑक्सिजन संपवला. मग गार पावसाने आणि वाऱ्याने वरचं-खालचं पाणी एक केलं. गाळपेर जमिनीवरचं, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरतात त्या जमिनीवरचं, खत आणि ओढ्यातली घाण त्याच सरीत वाहून आली. यातलं पाऊस-वारं सोडलं तर बाकी सगळं माणसाने ठरवलेलं आहे.

शेतकऱ्याचं पाणी तोडा, असं माझं म्हणणं नाही. काठचे शेतकरी स्वतःच चर खणून, पाइपामागे पाइप जोडून मोटारी पाण्यापर्यंत नेत होते. त्यांचे हाल आम्ही रोज पाहत होतो. सोलापूरला पाणी मिळायलाच हवं, त्यातही वाद नाही. पण ते नदीतून सोडायचं म्हणजे औज आणि चिंचपूरचे बंधारे भरायला एका आवर्तनात, म्हणजे पाणी सोडायच्या एका पाळीत, पाच-सहा टीएमसी जायचं. वाटेत मुरायचं, उपसलं जायचं, उडून जायचं. उजनी ते सोलापूर दुहेरी जलवाहिनीची योजना रोज १७० दशलक्ष लिटरची. वर्षभराचा गुणाकार केला तर सव्वादोन टीएमसीसुद्धा होत नाही. या जलवाहिनीतून दोन वर्षांहून जास्त काळ येईल एवढं पाणी एका आवर्तनात नदीत ओतलं जायचं आणि ते नेमकं मासा सगळ्यात अडचणीत असतो त्या उन्हाळ्यात. ही जलवाहिनी २०२४ पर्यंत रखडली याचा राग सोलापूरकरांना आहेच. तो फुगवट्यातल्या प्रत्येक मासेमाराला आणि गळवाल्याला पण असायला हवा.

धरणाचं पाणी कुणाला किती द्यायचं हे जिथे ठरतं, त्या कालवा सल्लागार समितीत पिण्याचं पाणी, शेती, उद्योग यांची मागणी मांडली जाते. तिथे माशासाठी किती पातळी राखायची हा आकडाही मांडला जावा, एवढी आमची मागणी आहे. मृत साठ्याच्या खाली जाताना एक हद्द ठरवा. पातळी रोज किती उतरवायची याला मर्यादा घाला. आवर्तन सुरू असताना फुगवट्यात पहाटेचा ऑक्सिजन मोजा आणि तो जाहीर करा. टीएमसी आणि टक्के रोज छापून येतात, मग पाण्यातला ऑक्सिजन का नाही?

तोवर आपण मोजू. डीओ मीटर नसेल तर मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचा किट मिळतो, त्यावर काम भागतं. सूर्य उगवायच्या आत काठापासून थोडं आत, एक नमुना वरचा आणि एक तळाजवळचा घ्या. सोबत तापमान, वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग आणि ठरलेल्या खुणेपासून पाणी किती फूट सरकलं, एवढं लिहा. मेलेला मासा दिसला तर शेजारी टेप ठेवून फोटो काढा, जात लिहा आणि कल्ले फाकलेले आहेत का ते पाहा. बाटलीभर पाणी लगेच बर्फात ठेवा, दुपारपर्यंत उन्हात राहिलेला नमुना कामाचा नाही.

आता सगळं लक्ष दौंडच्या विसर्गाकडे, म्हणजे भीमेतून उजनीत येणाऱ्या पाण्याकडे आहे. पुण्याकडची धरणं भरून पाणी खाली सुटलं की पहिला लोंढा पुन्हा घाण घेऊन येईल, तेव्हा वरच्या टोकाला पहाटे दोघं तरी हवेत. भिगवण-कुंभारगावकडे राहणाऱ्यांनी वार ठरवून कळवा. मीटर मी पोचवतो. गळ ऑगस्टनंतर.