लपूनछपून बघायचं कारण नाही: डेटिंग शो बारकाईने कसे बघावेत

डेटिंगचे रिॲलिटी शो बघणारी माणसं ते कबूल करताना आवाज बारीक करतात. ‘जेवताना काहीतरी लावायचं म्हणून’, ‘बहीण बघत होती म्हणून’. असल्या सबबींची काही गरज नाही. माणसं जोडीदार कसा निवडतात, निवडताना स्वतःची समजूत कशी घालतात आणि ऐन वेळी कुठे अडतात, हे बघण्यात रस असेल तर त्यात चोरी कसली? आपल्याकडे स्थळ बघून आल्यावर घरी जी चर्चा रंगते ती याचीच असते. शोमध्ये नियम आधी माहीत असतात, मुदत ठरलेली असते आणि आपल्याला दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. हे तिन्ही धरून बघितलं तर त्याची गोडी कितीतरी वाढते.

सुरुवात नियमांपासून करावी. नेटफ्लिक्सवर १३ फेब्रुवारी २०२० ला सुरू झालेला ‘लव्ह इज ब्लाइंड’ घ्या. पहिल्या सीझनला १५ मुलगे, १५ मुली आणि ‘पॉड’ नावाच्या छोट्या खोल्या. मध्ये भिंत. आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही. दहा दिवसांत मागणी घालायची आणि होकार आला तरच समोरासमोर भेट. मग सहल, एका घरात राहणं, एकमेकांच्या घरच्यांच्या भेटी आणि शेवटी ऐन लग्नात, पाहुण्यांसमोर, हो किंवा नाही. पहिल्या दिवसापासून लग्नापर्यंत सगळे मिळून ३८ दिवस.

पॉडमधली माणसं चौथ्या दिवशी रडतात म्हणून ‘हे सगळं खोटं’ असं म्हणून अनेक जण शो बंद करतात. पण तिथे फोन नाही, टीव्ही नाही, बाहेरचं कोणी नाही. दिवसभर बोलणं हेच काम. एरवी सहा महिन्यांनी निघणारे विषय, म्हणजे कर्ज, आईवडिलांचा घटस्फोट, मुलं हवीत की नकोत, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच निघतात. त्यामुळे ते रडणं बहुधा खरंच असतं. त्यावरून नातं टिकेल की नाही हे मात्र अजिबात कळत नाही. ते कळायला लागतं सहलीनंतर, फोन हातात परत आल्यावर. खरा ऐवज तिथून पुढच्या भागांत आहे: भांडी कोण घासतं, बँकेत किती आहेत, आई काय म्हणाली. पहिल्या सीझनमध्ये ज्या सहा जोड्या दाखवल्या त्यांतली एक मेक्सिकोच्या सहलीतच तुटली, पाच लग्नापर्यंत पोचल्या आणि लग्नं लागली दोनच. त्यातल्या लॉरेन आणि कॅमेरॉनची वाट नीट बघावी. ती कृष्णवर्णीय, तो गोरा. वर्णाचा विषय पॉडमध्येच निघतो आणि पुढे तिच्या वडिलांची भेट होते तेव्हा पुन्हा समोर येतो. अशा प्रसंगी कोण काय बोललं यापेक्षा शांतता पसरल्यावर ती कोणी मोडली, विषय बदलून की विषयाला धरून, हे बघायचं.

आता संकलन. तासन्‌तास चाललेल्या चित्रीकरणातून पाऊण-एक तासाचा भाग निघतो, म्हणजे जवळपास सगळं कापलेलंच असतं. काय आणि कुठे जोडलंय हे ओळखायची काही साधी ठिकाणं आहेत. ‘लव्ह इज ब्लाइंड’मध्ये सगळे सोनेरी धातूचे पेले घेऊन बसतात. पेला अपारदर्शक असल्यामुळे आतलं पेय किती उरलंय ते दिसत नाही. काचेचा ग्लास असता तर एका वाक्याला भरलेला आणि पुढच्याला अर्धा दिसला असता, म्हणजे मधली दहा-पंधरा मिनिटं गेली हे लगेच कळलं असतं. पेल्यामुळे प्रेक्षकाचं हे घड्याळ जातं. मग दुसरी घड्याळं शोधायची: खिडकीतलं ऊन, मेणबत्तीची उंची, ताटातलं अन्न, नखांचा रंग, दाढीची वाढ.

आवाजाकडे जास्त लक्ष द्यावं, कारण फसवाफसवी तिथे जास्त होते. माणूस बोलायला लागतो आणि वाक्याच्या मध्येच कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जातो, तेव्हा पुढचे शब्द त्याच वाक्यातले असतीलच असं नाही. दोन वेगळ्या वेळची वाक्यं शिवून एक करण्याला त्या धंद्यात ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात. इअरफोन लावून ऐकलं तर सांधा कळतो: पंख्याची किंवा पाण्याची मागची घरघर अचानक बदलते, शब्दाचा सूर वर जायचा तिथे खाली येतो, श्वास घेतल्याशिवाय पुढचं वाक्य सुरू होतं. मोठा आरोप करणारं वाक्य बोलताना माणसाचे ओठ दिसत नसतील तर त्या वाक्यावर मत बनवू नये. एकट्याने कॅमेऱ्यासमोर दिलेल्या मुलाखतींचंही तसंच. कपडे तेच पण केस वेगळे बसलेले दिसले, तर ती मुलाखत नंतर घेतलेली असण्याची शक्यता धरावी.

संकलनाचा जोर स्पर्धकांवरही चालतो. ब्रिटनच्या ‘लव्ह आयलंड’मध्ये २०१७ पासून ‘कासा अमोर’ नावाचा टप्पा असतो. मुलगे आणि मुली काही दिवस वेगवेगळ्या बंगल्यांत ठेवायचे, दोन्हीकडे नवी माणसं सोडायची आणि मग सगळ्यांसमोर विचारायचं: जुन्या जोडीदाराकडे परत येणार की नवा घेऊन येणार? तिकडे काय झालं हे इकडच्याला ठाऊक नसतं. २०१८ मध्ये डॅनी डायर या स्पर्धक मुलीला तिच्या जोडीदाराचा, जॅक फिनचमचा, एक तुकडा दाखवला गेला. तिकडच्या बंगल्यात त्याची जुनी मैत्रीण आलेली आणि तो गडबडलेला, इतकंच. तो तिच्याशी एकनिष्ठच होता, हे प्रेक्षकांना दिसत होतं, तिला नव्हतं. ती कोसळली आणि ऑफकॉमकडे, म्हणजे ब्रिटनमध्ये टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, अडीच हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. पुढे तो सीझन हे दोघंच जिंकले. छोटासा खरा तुकडासुद्धा किती खोटं सांगू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. या शोचे सीझनला पन्नासच्या आसपास भाग असतात. तेवढा वेळ नसेल तर कासा अमोरचा आठवडा आणि त्याच्या आधीचे तीन-चार भाग बघितले तरी चालतं.

डोकं चालवायची आवड असेल तर एमटीव्हीचा ‘आर यू द वन?’ सोडू नये. अमेरिकेत २०१४ मध्ये सुरू झाला. मूळ नियम असा: १० मुलगे, १० मुली आणि निर्मात्यांनी आधीच ठरवून गुपित ठेवलेल्या दहा जोड्या. दर आठवड्याला सगळे आपापल्या अंदाजाने जोडीने बसतात. जितक्या जोड्या बरोबर तितके प्रकाशझोत लागतात, पण कुठल्या बरोबर ते सांगत नाहीत. शिवाय ‘ट्रुथ बूथ’मध्ये एका जोडीबद्दल पक्कं हो किंवा नाही कळतं. दहा बैठकींत दहाही जोड्या लागल्या तर सगळ्यांना मिळून दहा लाख डॉलर.

एक कागद घ्या, दहा बाय दहाचा तक्ता आखा, एका बाजूला मुलगे, दुसऱ्या बाजूला मुली, आणि पेन्सिल वापरा. एकूण शक्यता ३६,२८,८००. पहिल्याच ट्रुथ बूथमध्ये ‘नाही’ आलं तर एक चौकोन खोडायचा, ३,६२,८८० शक्यता गेल्या. ‘हो’ आलं तर तेवढ्याच उरल्या, म्हणजे एका ‘हो’त दहातले नऊ भाग काम झालं. एकही झोत लागला नाही तर त्याला ब्लॅकआउट म्हणतात. सगळे रडकुंडीला येतात, नंतरच्या सीझनमध्ये बक्षिसातून पैसेही कापले जातात. पण हे पहिल्या बैठकीत झालं तर, बूथचा निकाल बाजूला ठेवला तर, एका फटक्यात दहा चौकोन खोडता येतात आणि उरतात १३,३४,९६१ शक्यता. एकच झोत लागला तर उरतात १३,३४,९६०, म्हणजे फक्त एक कमी! तरी कागदावर एकही चौकोन खोडता येत नाही, कारण कोणती जोडी खरी ते माहीत नसतं. नऊ झोत कधीच लागणार नाहीत, नऊ बरोबर असतील तर दहावी आपोआप बरोबर येते. आणि डोळे मिटून बसवलं तरी सरासरीने एक जोडी बरोबर निघतेच, त्यामुळे सुरुवातीच्या दोन झोतांवर हुरळून जाऊ नये.

घोटाळा होतो तो ट्रुथ बूथने ‘नाही’ सांगितल्यावर. जीव जडलेली जोडी ऐकत नाही, पुन्हा एकत्रच बसते. मग त्या बैठकीत जास्तीत जास्त आठ झोत लागू शकतात आणि बाकीच्या अठरा जणांची एक संधी वाया जाते. पाचव्या सीझनमध्ये, २०१७ मध्ये, पहिल्यांदा स्पर्धक हरले. मन आणि गणित यांची अशी उघड झटापट दुसऱ्या कुठल्याही शोमध्ये नाही.

आपल्याकडचं सांगायचं तर ‘स्प्लिट्सव्हिला’ २००८ पासून आहे आणि २००९ मध्ये एनडीटीव्ही इमॅजिनवर राखी सावंतचं स्वयंवर झालं. तिने टोरांटोच्या इलेश परुजनवालाला निवडलं, साखरपुडा झाला, लग्न झालं नाही. ‘इंडियन मॅचमेकिंग’ (२०२०) या सगळ्यांपेक्षा वेगळा. मुंबईत स्थळं जुळवणाऱ्या सीमा टापरियांकडे आलेल्या बायोडाटात उंची, शिक्षण, आवडीनिवडी असतात. प्रत्यक्ष भेटीत त्यांतलं काय विचारलं जातं आणि काय कोणी काढतच नाही, याची तुलना करत बघावं. मराठी घरातल्या माणसाला ही नजर शिकवावी लागत नाही.

बघायच्या सवयींबद्दल थोडं. एका बैठकीत दोनच भाग बघावेत. जास्त बघितले की चेहरे आणि भांडणं एकमेकांत मिसळतात, आणि निकालाआधी अंदाज बांधायची मजा जाते. निर्णयाच्या भागाआधी आपला अंदाज लिहून ठेवावा, कारणासकट. भागाच्या शेवटी ‘पुढे काय’ दाखवतात ते बंद करावं, त्यातली वाक्यं हमखास संदर्भ सोडून जोडलेली असतात. रीयुनियनचा, म्हणजे सगळे स्पर्धक पुन्हा एकत्र येतात तो, भाग बघून होईपर्यंत स्पर्धकांच्या इन्स्टाग्रामवर फिरकू नये, बोटातली अंगठी नाहीतर फोटोतलं शहर सगळं सांगून टाकतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा करत असाल तर मेसेजच्या सुरुवातीला भागाचा क्रमांक टाकायचा हा नियम आधीच करून घ्या. पुण्यात बसलेली मैत्रीण आणि न्यू जर्सीतली मावसबहीण एकाच वेळी बघू शकत नाहीत.

आणि स्पर्धकाला टॅग करून बोल लावायचे नाहीत. जपानच्या ‘टेरेस हाउस’मधली कुस्तीपटू हाना किमुरा मे २०२० मध्ये, २२ व्या वर्षी, ऑनलाइन शिवीगाळीनंतर हे जग सोडून गेली. शो बंद झाला आणि जपानने २०२२ मध्ये अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवली. ‘लव्ह आयलंड’ने २०१९ मध्ये स्पर्धकांना नंतर किमान आठ समुपदेशन सत्रं द्यायचं ठरवलं. आपण जे बघतो ते कापलेलं, शिवलेलं असतं हे एकदा कळलं की प्रसंगावर घरात तासभर वाद घालावा, माणसाला मात्र मेसेज पाठवू नये.

पहिल्यांदाच बघणार असाल तर ‘लव्ह इज ब्लाइंड’चा पहिला सीझन लावा आणि पॉडचे भाग घाई न करता बघा. तो आवडला तर याच शोचा जपानचा सीझन, डबिंग न लावता, सबटायटल्स ठेवून. तिथे नकार देताना माणसं शब्द शोधत फार वेळ थांबतात, आणि डबिंगमध्ये नेमकं तेच हरवतं.