मिरर असूनही व्हॉल्यूम ग्रुप बंद पडला: माझा अनुभव

गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी सर्व्हरची देखभाल पाहतो, तिथे साठा, उत्पादन आणि पगार या तिन्हींचा डेटाबेस एकाच एआयएक्स (आयबीएमची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हरवर चालतो. डेटा दोन डिस्कवर मिरर केलेला (दोन्हींवर त्याची एकसारखी प्रत) असल्यामुळे एक डिस्क गेली तरी काम अडणार नाही, अशी सर्वांचीच समजूत होती. चवथीपूर्वी पगार काढण्याची घाई चालू असताना एक डिस्क गेली आणि तिच्याबरोबर अख्खा डेटाव्हीजी हा व्हॉल्यूम ग्रुप (एकत्र हाताळला जाणारा डिस्कचा गट) बंद पडला.

ऑपरेटिंग सिस्टिम रूटव्हीजी या वेगळ्या ग्रुपमध्ये असल्याने सर्व्हर चालू होता. लॉगिन होत होते, पण डेटाबेसच्या फाइल सिस्टिमना हात लावला की इनपुट-आउटपुट एरर येत होती. एरप्ट ही बिघाडांच्या नोंदी दाखवणारी कमांड ताज्या नोंदी सर्वांत वर दाखवते, म्हणून ती यादी मी खालून वर वाचली. आधी एका डिस्कच्या हार्डवेअर बिघाडाच्या नोंदी होत्या आणि त्यांच्या पाठोपाठ, क्वोरम (गणपूर्ती) गेल्यामुळे व्हॉल्यूम ग्रुप बंद होत असल्याची एलव्हीएमची (डिस्क आणि व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) नोंद होती. एवढ्यात लेखा विभागातून फोन आला, “अहो, एकदा बंद करून चालू करून बघा ना!” रीबूटनंतरही ग्रुप चालू करताना तीच गणपूर्ती तपासली जाणार असल्याने त्यातून काही निष्पन्न होणार नव्हते.

ग्रुपमधील प्रत्येक डिस्कवर व्हीजीडीए हा त्या ग्रुपच्या रचनेचा तपशील लिहिलेला असतो, आणि क्वोरम चालू असेल तर निम्म्याहून अधिक व्हीजीडीए उपलब्ध असल्याशिवाय ग्रुप चालू राहत नाही. तीन किंवा अधिक डिस्क असतील तर प्रत्येकीवर एक प्रत असते. मात्र दोनच डिस्क असतील तर पहिलीवर दोन आणि दुसरीवर एक अशी वाटणी होते. म्हणजे दुसरी डिस्क गेली तर काम चालते, पहिली गेली तर तीनपैकी एकच प्रत उरते. वाचलेल्या डिस्कवर एलक्वेरीव्हीजी ही कमांड चालवल्यावर आउटपुटमधील फिजिकल या भागात एका पीव्हीआयडीपुढे (डिस्कच्या ओळख क्रमांकापुढे) 2 आणि दुसऱ्यापुढे 1 हा आकडा दिसला. गेलेली डिस्क दोनवाली होती.

डेटाबेस थांबवला, फाइल सिस्टिम अनमाउंट केल्या आणि ग्रुप व्हॅरीऑफ (रीतसर बंद) केला. ग्रुप चालू करणाऱ्या साध्या व्हॅरीऑनव्हीजी कमांडने अपेक्षेप्रमाणे 0516-052 हा संदेश देऊन क्वोरमशिवाय ग्रुप चालू करण्यास नकार दिला. अशा वेळी वजा एफ (-f) हा पर्याय देऊन जबरदस्ती करण्याचा मार्ग असतो, परंतु माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक विचार इथेच करायला हवा, कारण वाचलेली प्रत आधीपासून स्टेल (जुनी, दुसऱ्या प्रतीशी न जुळणारी) असेल तर जुना डेटा खरा मानून डेटाबेस उभा राहतो. ग्रुपची स्थिती दाखवणाऱ्या एलएसव्हीजी कमांडचे आउटपुट दररोज पहाटे फाइलमध्ये साठवणारी एक छोटी क्रॉन स्क्रिप्ट आमच्याकडे आहे. त्या फाइलमध्ये सर्व लॉजिकल व्हॉल्यूमसमोर (ग्रुपमधील साठवणीच्या भागांसमोर) ‘ओपन/सिंक्ड’, म्हणजे वापरात आणि प्रती जुळलेल्या, असे होते, आणि त्यानंतर एरप्टमध्ये वाचलेल्या डिस्कबद्दल स्टेलची एकही नोंद नव्हती. हे पाहिल्यावरच मी वजा एफ दिला. ग्रुप चालू झाला, गेलेल्या डिस्कसमोर ‘रिमूव्ह्ड’ अशी स्थिती दिसू लागली, एफएससीके ही फाइल सिस्टिमची तपासणी पार पडली, आणि डेटाबेसने स्वतःची रिकव्हरी पूर्ण केल्यावर पगाराचे काम पुन्हा सुरू झाले.

डिस्क बदलण्याचे काम त्या मानाने सरळ होते. अनमिररव्हीजी, रिड्यूसव्हीजी आणि आरएमडेव्ह या कमांड याच क्रमाने देऊन जुनी डिस्क ग्रुपमधून आणि सिस्टिममधून काढली, राखीव डिस्क बसवून ती सिस्टिमला ओळखता यावी म्हणून सीएफजीएमजीआर चालवले, एक्स्टेंडव्हीजीने ती ग्रुपमध्ये घेतली आणि पुन्हा मिरर करण्यासाठी मिररव्हीजी दिले. सिंक होत असताना स्टेल पीपींचा (डिस्कवरील जागेच्या तुकड्यांचा) आकडा हळूहळू उतरत शून्यावर आला.

मुळात मिरर असताना क्वोरम चालू का राहिला होता, हे मात्र शोधावे लागले. मिररव्हीजी ही कमांड वेगळे सांगितले नाही तर क्वोरम आपोआप बंद करते. जुन्या नोंदवहीवरून कळले की सर्व्हर उभारताना प्रत्येक लॉजिकल व्हॉल्यूमची प्रत एमकेएलव्हीकॉपीने स्वतंत्रपणे केली होती, आणि ती कमांड क्वोरमला हात लावत नाही. प्रती अगदी बिनचूक होत्या, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. दोन डिस्कवर मिरर असलेल्या ग्रुपमध्ये एलएसव्हीजीच्या आउटपुटमधील क्वोरमची ओळ स्टेलच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे, असे मला वाटते.

आता तिथे क्वोरम ‘डिसेबल्ड’ दिसतो. त्याची दुसरी बाजूही आहे: एक डिस्क गायब असताना सर्व्हर रीबूट झाला, तर असा ग्रुप सर्व डिस्क हजर असल्याशिवाय साध्या व्हॅरीऑनने चालू होत नाही आणि पुन्हा जबरदस्तीच करावी लागते. म्हणून प्रतींची वाटणी एक-एक-एक व्हावी आणि क्वोरम परत चालू ठेवता यावा, यासाठी तिसऱ्या डिस्कची मागणी मी वरिष्ठांकडे पाठवली आहे.