मावशी म्हणाल्या, अजून नाही

आठ महिने कोरियात, सोलमध्ये राहूनही मी दाक्काल्बी, म्हणजे टेबलावरच तव्यात परतायचं मसालेदार चिकन, खाल्ली नव्हती. कारण साधं होतं, मी एकटी होते. टेबलावर शिजवायच्या जेवणाची ऑर्डर बहुतेक ठिकाणी किमान दोघांची घ्यावी लागते आणि एकटीने दोघांचं मागवायचा माझा धीर होत नव्हता.

शेवटी लॅबमधली सीनियर म्हणाली, खायचीच तर छुनछॉनला, तिच्या माहेरगावी, जाऊन खाऊ. सोलमधल्या योंगसान स्टेशनवरून ट्रेन पकडली. तिथे एक गल्लीच्या गल्ली दाक्काल्बीवाल्यांची आहे. 'दाक' म्हणजे कोंबडी, 'काल्बी' म्हणजे बरगड्या. पण ताटात बरगडी औषधालाही नसते! पूर्वी विद्यार्थ्यांना आणि सैनिकांना परवडणारं हे खाणं, नाव तेवढं श्रीमंती.

टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर परातीएवढा काळा लोखंडी तवा. गोचुजांगमध्ये, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या पेस्टमध्ये, मुरवलेलं लालभडक चिकन, वर कोबी, रताळं आणि त्तोक, म्हणजे तांदळाच्या पिठाचे लांबट चिवट तुकडे. सगळं कच्चं. आम्हाला एप्रन दिले. कशाला ते नंतर कळलं.

समोर काहीतरी शिजतंय आणि उलथनं हाताशी आहे, अशा वेळी मला गप्प बसवत नाही. मी हात घातला तोच मागून आवाज आला, "आजिगियो!" अजून नाही. वाढणाऱ्या बाईंना तिथे 'इमो' म्हणतात, म्हणजे चक्क मावशी. त्यामुळे ओरडाही घरचाच वाटला. मावशी येत, ढवळत, आच कमी करत, निघून जात. तिसऱ्या फेरीला त्यांनी बोटाने दाखवलं: आधी त्तोक खा. मग रताळं. चिकन सगळ्यात शेवटी.

लेट्यूसच्या पानात चिकन, कच्च्या लसणाची चकती, थोडं स्साम्जांग (सोयाबीनची तिखट-खारट चटणी), आणि अख्खी पुडी एका घासात. मी दोन घासांत खायला गेले आणि रस कोपरापर्यंत ओघळला. एप्रनचा उलगडा झाला.

पोट भरलं तरी कोणी उठेना. उरलेल्या मसाल्यात मावशींनी भात, किमची आणि चुरलेलं गिम (वाळवलेलं समुद्री शेवाळ) घातलं, भात तव्यावर पातळ थापला, आच वाढवली आणि गेल्या. कडेने चर्र आवाज यायला लागला. खरवड! इतक्या लांब येऊन खरवडीसाठी थांबलेली माणसं बघून मला हसू आलं.

सीनियरने आपल्या बाजूची खरवड सोडवून माझ्याकडे सरकवली. मी खोटं खोटंसुद्धा नको म्हटलं नाही.