ड्राफ्ट झालेला पोरगा दिसत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी आइस हॉकी बघते हे कळलं की हा प्रश्न येतोच. "तो अमुक पोरगा ड्राफ्टमध्ये एवढ्या वरच्या नंबरला निवडला गेला, केवढा गाजावाजा झाला, नवी जर्सी चढवून फोटो काढले. मग आता टीव्हीवर दिसत का नाही? वाया गेला का?"

बहुतेक वेळा वाया वगैरे गेलेला नसतो. तो खेळतोय, फक्त तुम्ही बघता त्या लीगमध्ये नाही. आणि तिथे नसण्याचं कारण पुष्कळदा त्याच्या खेळात नसतं, कागदात असतं.

एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग. तिथल्या संघांनी नवी मुलं आळीपाळीने निवडून घ्यायची, तो ड्राफ्ट, सात फेऱ्यांचा. 32 संघ, दोनशेच्या वर मुलं, त्यातली बहुतेक अठरा वर्षांची. पण निवड म्हणजे नुसता इसार. या मुलाशी करार करायचा हक्क ठरावीक काळ आमचा, एवढाच त्याचा अर्थ. पुढे करार झाला तरी त्याला बर्फावर उतरवायचं की नाही, आणि उतरवायचं तर कुठल्या गावात, हे संघच ठरवणार.

शेन राइटचं पहिलं वर्ष बघा, म्हणजे घोडं कुठे पेंड खातं ते कळेल. 2022च्या ड्राफ्टमध्ये हाच पहिला जाणार अशी हवा होती. पहिली निवड मॉन्ट्रियलकडे होती आणि ड्राफ्टही मॉन्ट्रियललाच होता. त्यांनी उचलला स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की. राइट चौथ्या नंबरवर सिअ‍ॅटलकडे गेला. ऑक्टोबरमध्ये तो सिअ‍ॅटलच्या संघात होता खरा, पण बरेच सामने वर प्रेक्षकांत बसून बघत होता. मग थोड्या दिवसांसाठी एएचएलमधल्या (म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमधल्या) कोचेला व्हॅलीला, सिअ‍ॅटलच्याच दुय्यम संघात, रवानगी झाली, तिथे पाच सामन्यांत चार गोल केले. परत वर आला आणि डिसेंबरमध्ये एनएचएलमधला पहिला गोल मारला, तोही नेमका मॉन्ट्रियलविरुद्ध. (असल्या योगायोगांसाठीच तर आपण खेळ बघतो.) लगेच ज्युनियर विश्वचषकासाठी कॅनडाचा कर्णधार, तिथे सुवर्ण. तिथून सिअ‍ॅटलला नाही, थेट कॅनडातल्या ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये, पोरासोरांत. तिथल्या जुन्या संघाने त्याला विंडसरला देऊन टाकलं. विंडसर बाद झाल्यावर पुन्हा कोचेला व्हॅली, आणि एएचएलची अंतिम फेरी सातव्या सामन्यात हरला. एका मोसमात चार जर्सी. त्यात एनएचएलचे सामने फक्त आठ.

हे आठ म्हणजे काही योगायोग नव्हे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने एनएचएलमध्ये नऊपर्यंत सामने खेळले तर त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचं वर्ष मोजलं जात नाही, करार पुढे सरकतो. दहावा सामना खेळला की एक वर्ष गेलं. स्वस्तात मिळालेली तीन वर्षं मुलगा कच्चा असताना का खर्च करायची, असा संघाचा हिशोब. म्हणून दर वर्षी नवव्या सामन्याच्या आसपास पोरांच्या पोटात गोळा येतो.

त्यात आणखी एक मेख. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या मुलाला वीस वर्षांचा होईपर्यंत मोसमभर एएचएलमध्ये ठेवता येत नाही, असा करार वर्षानुवर्षं चालत आला. म्हणजे एक तर एनएचएल, नाही तर परत सोळा-सतरा वर्षांच्या पोरांत. मधली पायरीच नाही. त्याच वयाचा स्वीडन किंवा फिनलंडमधून ड्राफ्ट झालेला मुलगा मात्र बिनदिक्कत एएचएलमध्ये खेळतो. मला हा नियम कधीच पटला नाही. ज्युनियर संघांची तिकिटं खपावीत म्हणून तो आहे, मुलाच्या भल्यासाठी नाही. राइटला पुढच्या मोसमात खास सवलत मिळाली, कारण कोविडमुळे त्याच्या लीगचा एक अख्खा मोसम बुडाला होता. एएचएलमध्ये वर्षभर खेळून त्याने 22 गोल केले आणि त्याच्या पुढच्या मोसमात सिअ‍ॅटलसाठी 19. वाया गेला म्हणणारे तेव्हा कुठे होते कोण जाणे.

वीस पूर्ण झाली की तिसरी गंमत सुरू होते. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी तो बाकीच्या सगळ्या संघांपुढे ठेवावा लागतो, ज्याला हवा तो फुकट उचलू शकतो. नव्या मुलाला पहिली काही वर्षं हे लागू नाही. त्यामुळे जखमी सीनियर बरा होऊन परतला की बॅग भरायची ती नव्यानेच, मग तो आदल्या रात्री दोन गोल मारून आलेला का असेना.

पैशाचंही तसंच. 2024 आणि 2025च्या ड्राफ्टमधल्या मुलांना पहिल्या करारात वर्षाला जास्तीत जास्त 9,75,000 डॉलर, आणि तेही वर खेळला तर. एएचएलमध्ये असेल तर वर्षाचे लाखाच्याही आत. पगार दिवसांवर मोजतात, म्हणजे वर असलेल्या दिवसाचे साडेचार-पाच हजार आणि खालच्या दिवसाचे पाचशेच्या आत. नव्यांच्या पगाराला ही मर्यादा आली त्यामागे अलेक्सांद्र देगलचं प्रकरण. 1993 साली ओटावाने त्याला पहिला निवडला आणि एक सामना खेळायच्या आत पाच वर्षांचे सव्वा बारा दशलक्ष डॉलर देऊन बसले. पुढे त्याचा खेळ त्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही. 1994-95मध्ये मालकांनी खेळाडूंशी वादात लीगच बंद ठेवली, त्या टाळेबंदीनंतर त्यांनी नव्यांच्या पगारावर झाकण बसवलं ते कायमचं. त्या ड्राफ्टमध्ये दुसरा होता ख्रिस प्राँगर, जो पुढे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता तुम्ही म्हणाल, सगळं कागदावरच ढकललंस, खेळाचं काही नाही का? आहे ना. एएचएल ही काही अडगळ नाही. शुक्रवारी रात्री सामना, शनिवारी रात्री दुसऱ्या गावात, रविवारी दुपारी तिसऱ्या, आणि मधे बस. तिथे मुलगा जे शिकतो ते गोलांच्या रकान्यात दिसत नाही. एकच गोष्ट सांगते. आपल्या बचावाच्या भागात विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आघाडीचा खेळाडू, कडेच्या फळीला पाठ टेकून उभा आहे. मागून डिफेन्समनने फळीच्या कडेकडेने पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, सोडलाय. पक आणि समोरचा शंभर किलोचा डिफेन्समन दोघंही एकदमच पोहोचणार. ज्युनियरमध्ये हा पोरगा अशा वेळी गर्रकन वळायचा, समोरच्याला चकवायचा, लोक टाळ्या वाजवायचे. इथे चकवायला गेला की पक हरवतो आणि पुढच्या तीन सेकंदांत आपल्या जाळ्यात गोल. इथे एकच करायचं, पक हलकेच आपल्या भागाच्या हद्दीवरच्या निळ्या रेषेबाहेर ढकलायचा आणि मग तो धक्का अंगावर घ्यायचा. धक्का बसणार हे माहीत असताना नजर पकवरून हलू द्यायची नाही. अख्खं आयुष्य पहिल्या लाइनमध्ये, म्हणजे आघाडीच्या सगळ्यात भारी तिघांत, गोल मारलेल्या मुलाला चौथ्या लाइनमध्ये, रात्रीला आठ-नऊ मिनिटांत हे करून दाखवायचं असतं. कोच याच्यावरच ठरवतात.

थेट वर राहून निभावणारेही असतातच. पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉसबीने 2005-06च्या पहिल्याच मोसमात 102 गुण (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) घेतले, आणि राहत होता संघाचा मालक आणि दिग्गज खेळाडू मारिओ लम्यु याच्या घरी, त्याच्या मुलाबाळांत. मला त्यातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. कॉनर बेडार्डने 2023-24मध्ये मधेच जबडा मोडून घेऊनही 68 सामन्यांत 61 केले. आणि तो मघाचा स्लाफकोव्स्की? पहिल्या मोसमात 39 सामन्यांत दहा गुण, मग दुखापत. त्याला लावालला एएचएलमध्ये पाठवा म्हणून लोक ओरडत होते. मॉन्ट्रियलने नाही पाठवलं. पुढच्या मोसमात 50 गुण, आणि पाठोपाठ आठ वर्षांचा करार. म्हणजे खाली पाठवणं हेच औषध, असंही छातीठोक सांगता येत नाही. पण हे तिघेही पहिल्या नंबरचे, त्यांच्यासाठी संघ कळ काढतो. 88व्या नंबरच्या मुलासाठी कोण काढणार?

88वा म्हणजे जॉर्डन बिनिंग्टन, गोलरक्षक, 2011चा ड्राफ्ट. वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये, एक मोसम तर दुसऱ्याच क्लबच्या एएचएल संघाला उसना दिलेला. जानेवारी 2019च्या सुरुवातीला सेंट लुइस गुणतक्त्यात अगदी तळाला होतं, तेव्हा कुठे त्याला एनएचएलमध्ये सुरुवातीपासून जाळ्यात उभं केलं. त्या सामन्यात त्याने एकही गोल होऊ दिला नाही, आणि जूनमध्ये संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. ड्राफ्टला तोवर आठ वर्षं होत आली होती.

पहिल्या सामन्याआधी एक प्रथा असते, ती चुकवू नका. सरावासाठी सगळे बर्फावर जायला निघतात, नव्याला पुढे घालतात आणि बाकीचे दारातच थांबतात. बिचारा मागे वळून बघतो तर कोणीच नाही. मग सगळ्या स्टेडियमसमोर एकट्याने फेरी मारायची. पूर्वी हेल्मेट काढून मारायचे, केस उडवत. आता नव्यांना सरावातही हेल्मेट सक्तीचं आहे.

तेव्हा पोरगा टीव्हीवर दिसायला लागला की लगेच गुण मोजत बसू नका. शेवटची दोन मिनिटं बघा. आपली एका गोलाची आघाडी आहे, समोरच्यांनी गोलरक्षक काढून सहावा स्केटर उतरवलाय, फेसऑफ (दोघांच्या मधे पक टाकून खेळ सुरू करणं) आपल्या भागात आहे. अशा वेळी तो बेंचवर असेल तर त्याची बॅग अजून भरलेलीच समजा. कोचने त्याला बर्फावर धाडलं असेल तर गावात भाड्याचं घर बघायला हरकत नाही.